अंगणांतली आगगाडी



खानदेशांत रुळांच्या काठीं वाढणाऱ्या मुलाला आगगाडी विकत आणून द्यावी लागत नाहीं. चारदोन रिकाम्या आगपेट्या हातीं पडल्या कीं तो त्या दोऱ्यांत एकामागून एक ओंवतो, पुढच्या पेटींत धुराड्यासाठीं एक जळकी काडी उभी खोंचतो, आणि "भुसावळ! भुसावळ!" अशी आरोळी ठोकीत ओट्यावरून गाडी सोडतो. वडील माणसें हें पाहून कौतुकानें हंसतात. परंतु हाच मुलगा चाळीशीला आला, आणि सुटीच्या दिवशीं कुदळ घेऊन घरामागच्या परसांत खराखुरा रूळ टाकूं लागला, म्हणजे तींच माणसें हंसत नाहींत. त्यांना त्याची काळजी वाटूं लागते!

अशा काळजी वाटण्याजोग्या माणसांचा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहें. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते ती अशी कीं, हौसेपोटीं जन्मलेली लहान आगगाडी पुष्कळदां पुढें लोकांच्या उपयोगीं पडते; आणि लोकांच्या उपयोगासाठीं निघालेली लहान आगगाडी बंद पडली, म्हणजे तिची ओळख राखण्यासाठीं पुन्हां हौशी माणसाचाच धांवा करावा लागतो. या दुसऱ्या गोष्टीचा विचार करण्याची वेळ खानदेशावर आतां आली आहे.

प्रथम मापांविषयीं दोन शब्द सांगतों. दोन रुळांच्या आंतल्या कडांमध्यें जें अंतर असतें, त्यावरून मार्गाचें माप ठरतें. भुसावळ-जळगांववरून जाणारा मोठा मार्ग साडेपांच फुटांचा. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी गाडी अडीच फुटी मार्गावरून धांवे. नेरळ-माथेरानचा मार्ग दोन फुटांचा. याहून लहान मापांना आरंभ झाला कीं आपण घराच्या आवारांत शिरतों. परसांत टाकलेल्या रुळांचें माप बहुधा सव्वासात इंच किंवा पांच इंच असतें, आणि एवढ्याशा गाडीवर मोठीं माणसें दोन्हीं बाजूंस पाय सोडून, घोड्यावर बसल्यासारखीं, खुशाल बसून जातात. मेजावरची गाडी तर पाऊण इंचाहूनहि अरुंद रुळांवर चालते. तिच्यांत बसावयाचें नसतें. तिच्याकडे पहावयाचें असतें.

आमच्याकडे अरुंद मार्गाची सुरुवात हौसेनें झाली नाहीं, काटकसरीनें झाली. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांच्या कारकीर्दींत, १८६२ सालीं, डभोई ते मियागाम असा सुमारें वीस मैलांचा अडीच फुटी मार्ग झाला. त्यावरून डबे ओढीत ते बैल! वाफेचीं इंजिनें तेथें नियमानें चालूं लागलीं तीं दहाअकरा वर्षांनंतर. रुळावर चाकाला घर्षण कमी होतें, म्हणून रस्त्यावर जेवढा भार एका बैलजोडीला ओढवत नाहीं तेवढा भार ती रुळांवर सहज ओढते. या साध्या नियमाचा फायदा संस्थानानें घेतला, एवढाच त्यांतला अर्थ.

हौसेची खरी सुरुवात पहावयाची असेल तर इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत जावें लागेल. तेथें डफील्ड या गांवीं सर आर्थर हेवुड नांवाचे एक जमीनदार रहात असत. यंत्रविद्येचें त्यांना विलक्षण वेड. धाकट्या भावंडांना बसवून फिरवावें म्हणून त्यांनीं आधीं नऊ इंच मापाची गाडी केली. पण तिच्यावर माणूस बसला कीं ती डळमळूं लागे. तेव्हां माणूस निर्धास्त बसूं शकेल असें लहानांत लहान माप कोणतें, हा प्रश्न त्यांनीं मनावर घेतला, आणि १८७४ पासून पंधरा इंची मार्ग आपल्या आवारांत टाकण्यास आरंभ केला. इंजिनें त्यांनीं स्वतःच्या कारखान्यांत बनविलीं. शेतमळे, खाणी आणि सैन्याच्या छावण्या यांना असा मार्ग उपयोगी पडेल, असें त्यांचें म्हणणें होतें. सैन्याच्या अधिकाऱ्यांनीं तें मानलें नाहीं. परंतु १८९६ सालीं वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकांनीं आपल्या ईटन हॉल या वाड्यापासून जवळच्या स्थानकापर्यंत तसाच पंधरा इंची मार्ग हेवुडांकडून करवून घेतला, आणि कोळसा व विटा त्यावरून येऊं लागल्या. भावंडांचा खेळ अशा रीतीनें एका मोठ्या घराचा भार वाहूं लागला.

यापुढची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे, कारण ती एका मराठी राजघराण्यांतली आहे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांना आगगाड्यांचा अतिशय नाद होता. त्यांच्या जयविलास राजवाड्यांतील भोजनगृहांत मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी आजहि पहावयास मिळते. तिच्या डब्यांवर शिंदे घराण्याचें नांव इंग्रजींत, एका डब्यावर एक अक्षर असें, कोरलेलें आहे. डब्यांत कांचेच्या सुरया. गाडी पाहुण्यांसमोरून हळूहळू फिरे. कोणीं सुरई उचलली कीं ती आपोआप थांबे, आणि सुरई जागेवर ठेवली कीं पुढें चालूं लागे. विजेच्या प्रवाहाची ही करामत पाहून किती पाहुणे जेवण विसरले असतील कोण जाणें!

पण महाराजांची हौस मेजापाशीं थांबली नाहीं. १८९० नंतरच्या दशकांत त्यांनीं राजवाड्याच्या परिसरांत व शहराभोंवतीं दोन फुटी मार्ग टाकविला. आरंभीं तो खासगी होता. १८९९ पासून त्याच मापाच्या गाड्या सार्वजनिक प्रवासासाठीं सुरू झाल्या. भिंड, शिवपुरी, श्योपूर या दिशांना मार्ग वाढत गेले. त्यांतील ग्वाल्हेर-श्योपूर हा फांटा सुमारें दोनशें किलोमीटर लांबीचा होता. दोन फुटी मापाच्या मार्गाला ही लांबी असामान्यच. ज्या खेड्यांना पक्का रस्ता ठाऊक नव्हता, तेथील लोक एका राजाच्या छंदांतून निघालेल्या गाडींत बसून बाजारांना आणि कचेऱ्यांना जाऊं लागले. श्योपूरची गाडी २०२० पर्यंत धांवली. म्हणजे राजवाड्यांतल्या नादानें सव्वाशें वर्षांच्या आसपास प्रजेची सेवा केली.

आपण म्हणाल, जमीनदारांच्या आणि राजांच्या गोष्टी त्यांच्याजवळ. आमच्या परसांत त्यांचें काय? हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तर मिळालें तें १९२० नंतरच्या दशकांत. लंडनमध्यें १८९८ पासून हौशी यंत्रकारांसाठीं एक नियतकालिक निघत होतें. त्यांत एल्. बी. एस्. सी. या टोपणनांवानें लिहिणारे एक गृहस्थ होते. त्यांनीं पूर्वीं आगगाडीच्या इंजिनावर काम केलेलें होतें. त्या काळीं लहान इंजिनें बहुधा स्पिरिटच्या दिव्यावर चालत, आणि एवढ्या लहान बॉयलरांत कोळशाचा विस्तव नीट टिकणार नाहीं, असें मोठमोठे कारखानदार म्हणत. या गृहस्थांनीं अडीच इंची रुळांवरचें स्वतःचें इंजिन कोळशावर चालवून त्याच्यामागें मोठीं माणसें बसवून नेलीं! वाद तेथेंच मिटला. पुढें कित्येक वर्षें त्यांनीं साध्या घरगुती लेथवर इंजिन कसें घडवावें, याचे धडे दर अंकांत लिहिले. ते वाचून कारकून, शिक्षक, कामगार अशा माणसांनीं आपल्या घरच्या पडवींत इंजिनें तयार केलीं. वाड्यांतला छंद पडवींत आला तो असा.

आतां हें काम प्रत्यक्षांत कसें असतें, तें थोडें पाहूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं मोठ्या इंजिनाच्या प्रत्येक भागाचा अष्टमांश घेतला कीं लहान इंजिन तयार! परंतु सृष्टीचे नियम आपल्याबरोबर लहान होत नाहींत. लांबी अष्टमांश झाली कीं पृष्ठभाग होतो चौसष्टांश, आणि आंतली जागा होते पांचशें बारांश. म्हणजे बॉयलरांतल्या पाण्याच्या मानानें त्याचें अंग फार मोठें पडतें, आणि त्या अंगावाटे उष्णता भराभर निघून जाते. म्हणून लहान इंजिनाला थोडा थोडा कोळसा वारंवार द्यावा लागतो. मोठ्या इंजिनावरचा माणूस पांच मिनिटें दुर्लक्ष करूं शकेल. लहान इंजिनावर तेवढ्यांत वाफ उतरते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाणी उतरतें. पाणी किती आहे तें दाखविणारी कांचेची नळी, आणि दाब मर्यादेबाहेर गेला कीं आपोआप उघडणारी झडप, या दोहोंशिवाय विस्तव पेटवूं नये. नव्या बॉयलरांत प्रथम वाफ भरीत नाहींत. थंड पाणी भरून तें नेहमींच्या दाबाच्या दुप्पट दाबानें दाबून पहातात. पाणी गळलें तर फक्त जमीन भिजते. वाफ फुटली तर जीव जातो.

मार्गाचेंहि तसेंच. मोठ्या गाडीच्या चाकाखालीं अर्ध्या इंचाचा खडा आला तर त्याचा चुरा होतो; अष्टमांश मापाच्या गाडीला तोच खडा चार इंचांच्या धोंड्यासारखा होतो, आणि गाडी रुळांखालीं उतरते. आणि आमच्या खानदेशांत तर जमीन व सूर्य हे दोघेहि या छंदाची कसून परीक्षा घेतात. तापीकांठची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत फुगते. तिच्यावर नुसती खडी पसरून टाकलेले रूळ एका वर्षांत सापासारखे वांकडे होतील. ती माती खणून काढून मुरूम ठोकावा, पाणी वाहून जाण्यास चर ठेवावा, आणि मग खडी घालावी. पहांटेच्या गारव्यापेक्षां दुपारीं रूळ पस्तीस अंश अधिक तापला, तर शंभर फूट लांबीचें पोलाद सुमारें अर्ध्या इंचानें वाढतें. सांध्यांत तेवढी फट न ठेवणाऱ्या हौशी माणसाला वैशाखांत आपला मार्ग कमानीसारखा उचललेला दिसेल! जळगांवच्या उन्हांत हें शिकण्यासाठीं पुस्तकाची गरज नाहीं.

या छंदांतल्या आनंदाची आणि जोखमीची एक प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेंतली आहे. चित्रपटांमुळें जगाला माहीत असलेले वॉल्ट डिस्ने यांनीं १९५० सालीं लॉस एंजल्स येथील आपल्या घराच्या आवारांत सव्वासात इंची मार्ग सुरू केला. त्याची लांबी २,६१५ फूट, म्हणजे जवळजवळ अर्धा मैल. इंजिनाला त्यांनीं पत्नीचें नांव दिलें. तिच्या फुलझाडांच्या ताटव्यांना धक्का लागूं नये म्हणून ताटव्याखालून बोगदा खणला, आणि आंत शिरणाराला पलीकडचें तोंड दिसूं नये म्हणून तो मुद्दाम वळणाचा केला. घरांतली शांतता राखण्यासाठीं काय काय करावें लागतें, हें यावरून विवाहित श्रोत्यांच्या ध्यानांत येईल. परंतु १९५३ सालीं एका पाहुण्याच्या हातीं इंजिन असतां तें वळणावर घसरलें, आणि वाफेचा चटका एका लहान मुलीला बसला. डिस्ने यांनीं त्यानंतर तो मार्ग बंद केला. दोन वर्षांनीं त्यांचें डिस्नेलँड हें उद्यान उघडलें, आणि अंगणांतल्या त्या इंजिनाच्या धर्तीवर मोठें केलेलें इंजिन तीन फुटी रुळांवरून लोकांना फिरवूं लागलें. ग्वाल्हेरचीच कथा पुन्हां घडली.

येथवर हौस लोकांच्या उपयोगीं कशी पडली तें पाहिलें. आतां उलट बाजूकडे वळूं, आणि घरीं परत येऊं.

खानदेश हा आगगाड्यांचा मुलूख आहे. १८६० नंतरच्या दशकांत मुंबईहून निघालेला मोठा मार्ग चाळीसगांव, पाचोरा, जळगांव करीत भुसावळास पोहोंचला, आणि भुसावळ हें तर रेल्वेमुळेंच वाढलेलें गांव. चाळीसगांवाहून धुळ्यास जाणारा फांटा १९०० सालीं झाला. सुरतेकडून तापीच्या खोऱ्यांतून अमळनेरकडे येणारा मार्गहि त्याच सुमारास पुरा झाला. हे सर्व रुंद मार्ग. त्यांच्या कुळांत एकच धाकटें भावंड होतें: पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास सुरू झालेला पाचोरा-जामनेर मार्ग. माप अडीच फूट, लांबी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर. वरखेडी, पिंपळगांव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा अशीं त्यावरचीं स्थानकें. लोक तिला प्रेमानें "पीजे" म्हणत. सारा प्रवास सुमारें दोन तासांचा. वाफेचीं इंजिनें गेलीं, डिझेलचीं आलीं; पण चाल तीच राहिली.

२०२० च्या मार्च महिन्यांत साथीमुळें देशांतल्या सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हां पीजेहि थांबली. इतर गाड्या पुन्हां सुरू झाल्या. ती झाली नाहीं. तिच्या जागीं रुंद मार्ग करून तो पुढें बोदवडपर्यंत नेण्याची योजना मंजूर झाली आहे. या योजनेला नांवें ठेवण्याचा माझा हेतु मुळींच नाहीं. अरुंद गाडींतला माल पाचोऱ्याला उतरवून पुन्हां रुंद गाडींत चढवावा लागे. त्यांत वेळ जाई, मजुरी जाई, आणि मालाची नासाडी होई. जामनेर तालुक्यांतल्या शेतकऱ्याला आपला माल एकाच डब्यांतून दूरवर पाठवितां यावा, ही अपेक्षा सर्वथा न्याय्य आहे. शंभर वर्षांपूर्वीं जी गरज लहान गाडीनें भागविली, तीच आज मोठी गाडी मागते आहे.

परंतु जुने रूळ एकदां उचलले गेले कीं त्यांच्यासंगें कांहीं ज्ञानहि जातें. वळण किती फुटांच्या त्रिज्येचें होतें, पुलावर रूळ कसे बसविले होते, डब्यांचें दार किती रुंद होतें, फलाटाची उंची किती होती, शेंदुर्णीच्या स्थानकांत सांधे बदलणारा माणूस कोठें उभा राही, या गोष्टींची आठवण सामान्यतः कोणी ठेवीत नाहीं. सरकारी कागदांत खर्चाचे आंकडे मिळतील. हें मिळेलच असें नाहीं. येथें हौशी माणसाचें काम सुरू होतें.

असें काम इतरत्र झालेलें आहे. वेल्स देशांत टॅलिलिन नांवाचा सव्वादोन फुटी मार्ग पाटीच्या दगडाच्या खाणींसाठीं १८६० नंतरच्या दशकांत निघाला होता. १९५० सालीं त्याचे मालक वारले आणि मार्ग बंद पडण्याची वेळ आली. तेव्हां कांहीं हौशी मंडळी एकत्र झालीं, आणि १९५१ पासून त्यांनीं बिनपगारी काम करून गाड्या चालविल्या. स्वयंसेवकांनीं जतन केलेला जगांतला हा पहिला लोहमार्ग. तो आजहि चालू आहे. आपल्याकडे पुण्यांत भाऊ जोशी यांनीं आयुष्यभराच्या छंदांतून लहान आगगाड्यांचें संग्रहालय उभें केलें, आणि १९९८ सालीं तें लोकांना खुलें झालें. तेथील गाड्या मूळ गाडीच्या सत्याऐंशींव्या हिश्शाच्या आहेत. एका माणसाच्या घरगुती नादानें हजारों मुलांना सिग्नल, सांधे आणि वेळापत्रक म्हणजे काय, हें हाताच्या अंतरावर दाखविलें.

खानदेशांत परसदार असलेलीं घरें अजून आहेत. भुसावळांत इंजिनांवर आयुष्य घालविलेलीं माणसें आहेत. लेथ चालविणारे कारागीर जळगांवांत आहेत, धुळ्यांतहि आहेत. आणि गणिताचा एक अनुकूल योगहि आहे. मोठ्या मार्गावरचें इंजिन सव्वासात इंची रुळांसाठीं करावयाचें तर तें नवमांश करावें लागतें. पण पीजेचें माप मुळांतच अडीच फूट असल्यामुळें, तिची प्रतिकृति त्याच रुळांवर जवळजवळ चतुर्थांश मापाची होते. पांच इंची रुळांवर ती बरोबर षष्ठांश होते. म्हणजे इंजिन दणकट होतें, त्याचे भाग हातांत मावतील असे मोठे होतात, आणि मागें माणूस आरामांत बसतो. परसांत टाकण्यासाठीं खानदेशी माणसाला स्वतःच्या घरच्या गाडीहून सोईची गाडी शोधूनहि सांपडणार नाहीं.

पण रूळ टाकण्याआधीं एक काम आहे, आणि त्याला पैसा लागत नाहीं. एखाद्या रविवारीं मुलाला बरोबर घ्यावें. एक वही, एक पेन्सिल आणि मोजपट्टी घ्यावी. ज्यांची परवानगी लागते ती आधीं मागून ठेवावी. मग पहूरला किंवा शेंदुर्णीला जाऊन जें जुनें अजून उभें असेल तें मोजावें: फलाट, खिडकी, नांवाची पाटी. जुना रूळ कोठें पडलेला दिसला तर त्याच्या कुशीवर हात फिरवावा. कारखान्याचें नांव आणि साल तेथें पुष्कळदां उठावाच्या अक्षरांत असतें. गांवांत कोणी जुना गार्ड किंवा खलाशी असेल तर त्याच्याजवळ बसावें, आणि वळणावर तो शिटी केव्हां देत असे तें विचारावें. तो सांगेल तें वहींत लिहून घ्यावें, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालावी.

घरीं परतल्यावर त्या मुलाच्या आगपेट्यांच्या गाडीला पहिल्यानें बरोबर माप मिळेल.